उमेदवाराची पारख

पनवेल सोडून पुण्याच्या सडकेला लागले म्हणजे लवकरच पळस्पे लागते. तेथे वाट दुभंगते. एक सडक खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्यास जाते. दुसरी शिरढोण, कर्नाळा, पेण अशी गावे घेत कोकणातून गोव्याकडे उतरते. मोटारीने जाणाऱ्यास फाट्याचे नाव तेवढे ठाऊक असते, गाव बाजूस राहून जाते. परंतु सन १८७९ च्या मे महिन्यात या लहानशा गावाचे नाव मुंबई सरकारच्या कागदोपत्री मोठ्या काळजीच्या स्वरात घेतले जात होते. त्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्या महिन्याच्या १० व ११ तारखांच्या सुमारास दौलतराव नाईक नावाच्या रामोशी पुढाऱ्याच्या टोळीने घाटावरून खाली उतरून पळस्पे व चिखली या गावांवर दरोडे घातले आणि मोठी लूट उचलून नेली. लूट घेऊन टोळी पुन्हा घाटाकडे वळली असता मेजर डॅनियलच्या तुकडीने तिला गाठले व त्या झटापटीत दौलतराव गोळी लागून पडला.

टोळी दौलतरावाची असली तरी तिच्यामागचे नाव दुसरेच होते. पळस्प्याहून गोव्याच्या वाटेने थोडे पुढे गेले की शिरढोण गाव येते. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. घराणे जवळच्या कर्नाळा किल्ल्याशी निगडित. पळस्प्याच्या दरोड्याच्या वेळी वासुदेव बळवंत स्वतः तेथे नव्हते. परंतु ज्यांना त्यांनी बंडासाठी गोळा केले होते त्याच लोकांनी त्यांच्या जन्मगावाच्या शेजारचे गाव लुटावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, हा बंडवाला काही महिन्यांपूर्वीपर्यंत सरकारी नोकर होता. लष्करी हिशेबाच्या खात्यात, प्रथम मुंबईस व पुढे पुण्यास, त्याने सुमारे पंधरा वर्षे कारकुनी केली होती.

या खात्यात कारकून घेताना काय पाहत? अक्षर वळणदार आहे की नाही, इंग्रजी मजकूर नीट उतरविता येतो की नाही, बेरीज-वजाबाकी चुकत नाही ना, आणि कोणा भल्या गृहस्थाची शिफारस आहे की नाही. यांपैकी कोणत्याही कसोटीत न सापडणारा भाग म्हणजे माणसाचे मन. आईच्या आजारपणात रजा वेळेवर मिळाली नाही, आई गेली, पुढे तिच्या वर्षश्राद्धासही रजेची अडवणूक झाली. आणि त्यानंतर १८७६-७७ चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला. मनाची ही घडण खात्यातील कोणा साहेबास कळली नाही, आणि कळावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. इंग्रजाच्या लेखी कारकुनाचा प्रामाणिकपणा म्हणजे हिशेबात खोट नसणे व सरकाराशी एकनिष्ठ असणे, या दोहोंची मोट होती. आपल्या भाषेत ‘इमान’ हा शब्दही दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून घोटाळा सहज होतो. परंतु पैशाचे इमान राखणारा माणूस राज्याचे इमान राखीलच असे नाही. आणि उलटही घडते.

उलट घडल्याचे उदाहरण दोनच दिवसांनी पुण्यात मिळाले. १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यातील बुधवारवाडा पेटला आणि विश्रामबागवाड्यासही आगीची झळ लागली. पेशव्यांच्या या वास्तूंतून त्या वेळी सरकारी कामे चालत. बुधवारवाड्यात सरकारी पुस्तकांचे भांडारही होते. पळस्प्याची बातमी ताजी, त्यात ही आग. साहजिकच सरकारची नजर प्रथम फडक्यांच्या लोकांकडे व त्यांच्यामागे उभे असतील असे वाटणाऱ्या पुण्यातील सुशिक्षित मंडळींकडे गेली. पुढे तपासात निघाले ते निराळेच. पुस्तक भांडारातील एका नोकराने आपली अफरातफर उघडकीस येऊ नये म्हणून आग लावली होती. या मनुष्यावर राजद्रोहाचा संशय कोणी स्वप्नातही घेतला नसता. तो सरकारशी एकनिष्ठ होता. सरकारच्या पैशाशी मात्र नव्हता.

संशयाचा तडाखा बसला तो भलत्यालाच. महादेव गोविंद रानडे हे १८७१ पासून न्यायखात्यात होते. पुण्यातील सार्वजनिक चळवळीत त्यांचे वजन होते, आणि एवढे कारण त्या दिवसांत पुरेसे झाले. त्यांची बदली धुळ्यास करण्यात आली. तेथे त्यांची टपाले उशिरा येऊ लागली व फोडून पाहिली जात असल्याचे दिसू लागले. इतक्यावर भागले नाही. वासुदेव बळवंतांच्या व त्यांच्या साथीदारांच्या नावाची, अमुक ठिकाणी दंगा होणार आहे अशा मजकुराची पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. रानडे ती पत्रे तशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून देत. काही काळाने पोलन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना भेटून आपण होऊन सांगितले की, सरकारचा गैरसमज होता व तो आता दूर झाला आहे. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदविला आहे. आठ वर्षे न्यायासनावर बसलेल्या माणसाची अशी परीक्षा घेण्यात आली, आणि ती परीक्षा चालू आहे हे परीक्षार्थ्यास कोणी सांगितले नव्हते. पुढे १८९३ साली तेच रानडे मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

खुद्द वासुदेव बळवंतांनाही माणसे पारखण्याचे काम पडले होते, आणि त्यांचाही अनुभव याहून सुखाचा नाही. सुशिक्षित पुणेकर बरोबर येईनात, म्हणून त्यांनी रामोशी जमविले. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला छापा घातला. हाती थोडाच पैसा आला. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की, बरोबरच्या पुष्कळांना बंडापेक्षा लुटीतील वाट्याची ओढ अधिक आहे. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ही खंत लिहून ठेविली. निराशेने ते दक्षिणेकडे श्रीशैलापर्यंत गेले. त्यानंतर निजामच्या मुलखात इस्माइलखान नावाच्या रोहिल्यामार्फत पाचशे रोहिले नोकरीस ठेवण्याची बोलणी त्यांनी केली. ती तडीस जाण्यापूर्वीच २० जुलै १८७९ रोजी देवर नावडगी येथे ते पकडले गेले. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांना एडनला नेण्यात आले व तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

रामोशांना येथे एकतर्फी दोष देणे मात्र बरे नव्हे. पिढ्यानुपिढ्या हीच जमात गावाची राखण करीत आली होती. गावात चोरी झाली तर रामोशाने चोराचा माग काढून तो दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचवावा, नाही तर चोरीची भरपाई करून द्यावी, असा रिवाज होता. भरपाईची ही जबाबदारी हाच त्यांच्या प्रामाणिकपणाचा जामीन होता. इंग्रजी अमलात पोलीसखाते आले, जुनी वतने व हक्क निसटले, आणि त्यावर दुष्काळ पडला. ज्या व्यवस्थेने त्यांना राखणदार केले होते ती मोडल्यावर माणसे तीच राहिली, पण त्यांचे वर्तन तेच राहावे अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे होते.

यातून एक प्रश्न निघतो. नोकरीस ठेवताना माणसाच्या स्वभावाची व सचोटीची परीक्षा पूर्वी आपल्याकडे कशी घेत? तिचे धागे शिवकालापर्यंत जातात, आणि ते पाहिले म्हणजे जुन्या लोकांचा मनुष्यस्वभावाविषयीचा अदमास किती रोखठोक होता हे कळते.

सातारच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की, नोकरीस आलेल्या प्रत्येक शिपायास शिवाजीमहाराज स्वतः नजरेखालून घालीत, आणि त्याच्या इमानाबद्दल व वर्तनाबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या माणसांचा जामीन घेत. यात दोन गोष्टी आहेत व त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. माणूस पाहणे ही एक. आणि नुसत्या पाहण्यावर न विसंबणे ही दुसरी. माणसांची पारख हा ज्यांचा लौकिक, त्या महाराजांनीही आपल्या डोळ्यांना जामिनाची जोड दिली. जो जामीन राही तो नव्या माणसाला गावचा, नात्याचा किंवा लढाईतला म्हणून ओळखत असे. आणि माणूस बिघडला तर किंमत आपणास मोजावी लागेल हे त्यास ठाऊक असे. अशा माणसाची शिफारस उगाच दिली जात नाही.

किल्ल्यांची व्यवस्थाही याच धोरणाची. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९४ ची. तिच्यात किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे बरोबरीच्या दर्जाचे तीन अधिकारी असत व तिघांनी मिळून कारभार करावा अशी रीत होती, हे दिलेले आहे. एकट्याने किल्ला शत्रूस देऊ म्हटले तर देता येऊ नये, हा त्यातील हेतू. माणूस इमानी आहे काय, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळत नाही असे धरूनच ही मांडणी केली होती. उत्तर मिळत नसेल तर बेइमानीला वाव राहू नये, एवढेच राज्यकर्त्याच्या हाती असते.

पेशवाईत या दोन्ही कल्पनांचे चांगलेच जाळे विणले गेले. जामिनाचे प्रकार तरी किती! माणूस बोलावल्या वेळी हजर होईल याबद्दल हाजीरजामीन, पैसा बुडाला तर भरून देण्यासाठी मालजामीन, चालचलणूक नीट राहील याबद्दल फैलजामीन. आणि एकमेकांनी एकमेकांस जामीन राहिले म्हणजे तो साखळीजामीन. मामलतदार नेमला की त्याच्याकडून वसुलापोटी काही रक्कम आगाऊ घेत. तिला रसद म्हणत. शिवाय त्याच्या कचेरीत मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. त्यांची नेमणूक थेट हुजुरातून होई. मामलतदारास त्यांना काढता येत नसे. हिशेबाचा कागद अनेकांच्या हातांखालून गेल्याशिवाय पुरा होत नसे. मामलतदार लबाड असो वा साधू असो, कागदास त्याचे सोयरसुतक नव्हते.

ही पद्धत निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. दरकदार व मामलतदार यांचे संगनमत झाले की सारी तटबंदी आतून ढासळे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी तर मामलती मक्त्याने, अधिक बोली करणाऱ्यास देऊ लागले. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने या मक्तेदारीचे व तिच्यापायी रयतेच्या झालेल्या छळाचे वर्णन केले आहे. माणसाची पारख संपली आणि थैलीची पारख सुरू झाली. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणारांनी हे शेवटचे पान उलटून पुढे जाऊ नये.

इंग्रजांची रीत तरी आरंभी फार निराळी होती असे नाही. कंपनीचे बडे नोकर ‘करारबद्ध’ म्हटले जात. नजराणे घेणार नाही वगैरे करार त्यांच्याकडून लिहून घेत व त्यासाठी जामीनकतबाही घेत. मात्र नेमणूक होई ती संचालकांच्या मेहेरबानीने. लंडनमधील एखाद्या संचालकाचा पुतण्या असणे ही हिंदुस्थानात जिल्हा चालविण्याची मोठी लायकी होती! १८५३ च्या कायद्याने ही मेहेरबानी बंद करून स्पर्धेची परीक्षा आणली, आणि मेकॉलेच्या समितीने १८५४ साली तिची आखणी केली. नुसत्या पुस्तकी परीक्षेने चारित्र्य कसे कळणार, हा आक्षेप तेव्हाही होता. समितीचे उत्तर असे की, तरुणपणी अभ्यासात पुढे येण्यास उद्योग व मनोनिग्रह लागतो आणि हे गुण दुर्गुणांपासून माणसाचे बरेच रक्षण करतात. उत्तर पुरते पटण्यासारखे नाही, पण त्यात एक शहाणपण आहे: चेहरा पाहून चारित्र्य ओळखण्याचा आव समितीने आणला नाही.

हा आव परीक्षकांच्या अंगी कसा येतो याचा अनुभव १८६९ साली एका मराठी तरुणास आला. त्या वर्षी मुलकी नोकरीच्या परीक्षेत चार हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले. बंगालचे रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त व सुरेंद्रनाथ बॅनर्जी, आणि मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकाल लागल्यावर सुरेंद्रनाथ व श्रीपाद बाबाजी यांची नावे यादीतून काढण्यात आली. कारण त्यांनी वय चोरले असा आरोप. खुलासा साधा होता. एंट्रन्सच्या वेळी आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष सांगत. ‘सोळावे लागले’ म्हणजे पंधरा पुरी झाली. कागदावर मात्र सोळा पडत. इंग्रज मोजतो ती पुरी झालेली वर्षे. या हिशेबाने एकवीस वर्षांची मर्यादा ओलांडल्याचे दिसले व दोघे खोटे ठरले. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला जे समजले असते ते लंडनच्या कमिशनरांस समजेना. सात समुद्रांपलीकडे, स्वजनांचा विरोध पत्करून गेलेल्या तरुणावर परीक्षा उतरल्यानंतर लबाडीचा शिक्का बसावा, याचा धक्का केवढा असेल! सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. कमिशनरांना माघार घ्यावी लागली व दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली. येथे असत्य कोणीच बोलले नव्हते. परीक्षकाने आपले पंचांग उमेदवाराच्या माथी मारले, इतकेच.

वरच्या जागांची ही कथा. कारकुनाच्या जागांसाठी आपल्याकडे जी रीत पडली ती ‘उमेदवारी’ची. उमेद म्हणजे आशा; उमेदवार म्हणजे आशेवर राहिलेला. आज हा शब्द निवडणुकीत कानी पडतो, परंतु कचेऱ्यांत त्याचा अर्थ वेगळा होता. शिकलेला मुलगा मामलेदार कचेरीत जाऊन बसे. पगार नाही. नकला कराव्या, दप्तरे बांधावी, वरच्या कारकुनाची चार कामे हातावेगळी करावी, आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावी. महिने जात, कधी वर्षे जात. तेवढ्या अवधीत मुलगा कसा आहे हे सगळ्या कचेरीस कळून चुके. सकाळी वेळेवर येतो का, कागद हरवतो का, पक्षकाराने हातावर चवली ठेवली तर काय करतो, रागावले तर उलट बोलतो की आत धुमसतो. अर्ध्या घटकेच्या प्रश्नोत्तरांत हे कोणास दिसणार नाही. पारखीचे साधन म्हणून उमेदवारीची सर दुसऱ्या कशास येणे कठीण.

आणि तिच्याएवढी अन्यायाची गोष्टही दुसरी नाही. वर्षभर बिनपगारी बसण्यास घरी खाण्याची सोय लागते. शिरस्तेदाराशी ओळख लागते. ती बहुधा नात्याची किंवा जातीची असे. ज्यांच्या घरात लेखणी आधीच होती त्यांनाच ती पुन्हा मिळे. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त व त्यानंतरच्या लिखाणात कचेऱ्यांतील या मक्तेदारीवर कोरडे ओढले आहेत. कोल्हापुरास १८९४ साली शाहू छत्रपतींच्या हाती कारभार आला तेव्हा सामान्य कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते, आणि सुमारे ५०० कारकुनी जागांत ब्राह्मणेतर अवघे दहा, असे आकडे इतिहासात दिले जातात. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी हुकूम काढून पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्यावर गदारोळ झाला, आणि लायकी हा शब्द पुष्कळ वेळा उच्चारला गेला. परंतु ‘घराणे चांगले, वळण चांगले, म्हणून मुलगा विश्वासू’ अशी जी लायकी कचेऱ्यांतून पाहत, ती पाहणाऱ्याच्या घराशी असलेल्या साम्याची होती. आपल्यासारखा दिसतो, आपल्यासारखा बोलतो, तो आपल्यास प्रामाणिक वाटतो. हा दोष एका जातीचा नव्हे. पारखणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे.

आज जिला ‘मुलाखत’ म्हणतात ती या सर्वांच्या मानाने अलीकडची. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसती भेट. पहिल्या महायुद्धानंतर मुलकी नोकरीच्या परीक्षेत लेखी उत्तरांच्या जोडीला तोंडी परीक्षेचे स्वतंत्र गुण आले. ज्ञान नव्हे तर व्यक्तिमत्त्व पाहावयाचे, असा हेतू सांगितला गेला. दिल्लीचे लोकसेवा मंडळ १ ऑक्टोबर १९२६ रोजी स्थापन झाले. मुंबई इलाख्यात १९३७ पासून सिंधसह संयुक्त मंडळ काम करू लागले. टेबलाच्या एका बाजूस चार-पाच वजनदार गृहस्थ, दुसऱ्या बाजूस नवा कोट घातलेला पोर. बसण्याची ढब, इंग्रजी उच्चार, खेळांविषयीचे प्रश्न, वडील काय करतात याची चौकशी. पुण्यामुंबईकडील वकिलाच्या मुलास हे वातावरण घरचे वाटे. खेड्यातून आलेल्या मुलाची जीभ टाळूस चिकटे आणि तो खोटे बोलतो आहे की काय असा परीक्षकास भास होई. कारण चाचरणे, खाली पाहणे, घाम फुटणे ही भीतीची लक्षणे पुष्कळ लोक लबाडीची लक्षणे समजतात. खरा मुरलेला लबाड सहसा चाचरत नाही.

याविषयी शंका सर्वांत आधी काढली ती मानसशास्त्रज्ञांनीच. अमेरिकेतील वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९१५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विक्रेत्याच्या जागेसाठी आलेल्या छत्तीस उमेदवारांना सहा अनुभवी अधिकाऱ्यांनी वेगवेगळे भेटून त्यांची क्रमवारी लावावयाची. बहुतेक उमेदवारांच्या बाबतीत, हा वरच्या अर्ध्यात बसतो की खालच्या, एवढ्यावरही अधिकाऱ्यांचे एकमत होईना. दुसऱ्या महायुद्धात लष्करी अधिकारी निवडताना ब्रिटिशांनी १९४२ पासून निराळी तऱ्हा धरली. उमेदवारांना काही दिवस एकत्र ठेवून, ओंडके, दोर, फळ्या देऊन एखादे काम करावयास लावावयाचे व ते कसे वागतात हे पाहत राहावयाचे. पुढे हीच पद्धत हिंदुस्थानातही आली आणि भारतीय सेनेत ती अद्याप चालू आहे. नीट पाहिले तर ती म्हणजे चार-पाच दिवसांची उमेदवारीच होय; फक्त जेवणखाण सरकारचे.

स्वराज्य आल्यावर मुलाखतीचे वजन आरंभी वाढलेच. केंद्राच्या वरिष्ठ सेवांसाठी काही वर्षे मुलाखतीत ठराविक किमान गुण मिळविणे भाग होते. लेखी परीक्षेत पुढे असलेला उमेदवार अर्ध्या तासाच्या भेटीत अडखळला तर सारी परीक्षा वाया जाई. पुढे ही अट गेली. यथावकाश प्रकरणे न्यायालयांत पोचली. अजय हासिया यांच्या १९८१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशासाठी तोंडी परीक्षेस शेकडा ३३ पेक्षा अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरविले आणि शेकडा १५ ची मर्यादा सुचविली. १९८५ साली अशोककुमार यादव यांच्या खटल्यात सरकारी नोकऱ्यांच्या मुलाखतींनाही अशीच वेसण घातली गेली. मात्र मुलाखत अजिबात नको असे न्यायालयाने म्हटले नाही. लेखी कागदावर न उतरणारे काही गुण असतात, हे त्याने मान्य केले. अखेर १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या खालच्या वर्गांच्या जागांसाठी मुलाखत बंद केली. लाच व वशिला यांची ती पायवाट झाली होती, हे कारण उघड सांगितले गेले. सचोटी तपासण्यासाठी आणलेली रीत बेइमानीच्या भीतीने काढून टाकावी लागली!

मग सचोटी आता कोठे तपासतात? निवड झालेल्या उमेदवारास एक छापील तक्ता भरावा लागतो. त्यात मागील काही वर्षांचे राहण्याचे पत्ते, शिक्षण, कधी अटक अगर शिक्षा झाली होती काय, हे लिहावयाचे. खोटे लिहिल्याचे निघाले तर नोकरी जाते. मूळ गुन्हा क्षुल्लक असला आणि तो लपविण्यापायी नोकरी गेली, अशी प्रकरणे न्यायालयांत वरचेवर येतात. तक्ता भरला की तो पोलिसांकडे चारित्र्यपडताळणीस जातो. पळस्प्याच्या मुलाचा असेल तर पनवेलच्या ठाण्यावर. तेथील शिपाई दप्तर चाळतो, कधी गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारून जातो. आणि त्याच तक्त्याच्या शेवटी एक रकाना असतो, ज्यात उमेदवारास ओळखणाऱ्या गावातील दोन जबाबदार गृहस्थांची नावे द्यावयाची असतात. जुन्या फैलजामिनाचा हा उरलेला अंश दिसतो. त्या दोघांकडून आता कोणी कतबा लिहून घेत नाही, आणि मुलगा पुढे बिघडला तर त्यांना काही भरून द्यावे लागत नाही.